सिबिल बिघडलंय आणि दाढही दुखतेय: उपचाराचा खर्च कुठून उभा करायचा?

दाताच्या दवाखान्यात हल्ली दुखणं आणि कर्ज एकाच दिवशी समोर येतं. डॉक्टर एक्स-रे दाखवून सांगतात: दोन रूट कॅनल, त्यावर कॅप, एक दाढ काढायची आणि तिथे पुढे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात. कागदावरचा आकडा बघून माणूस गप्प होतो. तेवढ्यात काउंटरवरून आवाज येतो, "टेन्शन घेऊ नका, ईएमआय आहे. आधार-पॅन द्या, पाच मिनिटांत होतं." गोव्यात म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं.

ज्याची पत चांगली आहे त्याला या वाक्याचं फार भय नाही. तो चार ठिकाणी दर विचारू शकतो. ज्याचं सिबिल बिघडलंय त्याला बँक दारातूनच परत पाठवते आणि मोबाइलवरचं ॲप मात्र आग्रह करकरून पैसे देतं. हा लेख अशा माणसासाठी आहे. सांगायचं ते एवढंच की पत खराब असेल तर कर्ज शोधायला सगळ्यात शेवटी निघा. आधी बिल कमी होतंय का बघा. मग ज्या पैशासाठी कुणी सिबिल विचारत नाही तो पैसा काढा. एवढं करूनही जी रक्कम उरेल, तेवढ्याचंच कर्ज.

सिबिल म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. साधारण ७५० च्या वर असलेल्याला बँका हसतमुखाने बोलावतात, ६५० च्या खाली गेलं की दारं बंद व्हायला लागतात. ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याच्या अहवालात गुणांऐवजी उणे १ किंवा 'एनएच' दिसतं. हे वाईट सिबिल नव्हे. त्या माणसाबद्दल काहीच माहिती नाही, इतकाच त्याचा अर्थ.

गोव्यात पत बिघडण्याला एक खास कारण आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात कित्येक घरांनी खनिज वाहतुकीसाठी कर्जावर टिपर घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे थोड्याफार सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, पण बँकेचे हप्ते थांबले नाहीत. यातल्या बहुतेकांनी जन्मात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. नंतर अनेकांनी बँकेशी एकरकमी तडजोड केली, उरलेली रक्कम बँकेने सोडली आणि सगळे समजले की विषय संपला. अहवालात मात्र 'सेटल्ड' असा शेरा बसला. बँक त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे आले नाहीत' असा घेते. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' असतं, आणि या दोन शेऱ्यांत फार फरक आहे.

दुसरी अडचण जामीनकीची. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारांनी भाच्याच्या टिपरला जामीन म्हणून सही केली होती. भाच्याचे हप्ते थकले आणि तो डाग यांच्याही अहवालात आला. बायकोच्या ऑपरेशनसाठी बँकेत कर्ज मागायला गेले तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा कळलं. स्वतःच्या नावावर एक पैशाचं कर्ज नसलेला माणूस काउंटरवर उभा राहून 'माझं काय चुकलं?' विचारत होता. पुढे ते ऑपरेशन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात झालं आणि कर्ज लागलंच नाही. पण मधले काही आठवडे त्या घराने ज्या काळजीत काढले ती आधी चौकशी झाली असती तर टळली असती.

म्हणून कुठल्याही फॉर्मवर सही करण्याआधी स्वतःचा अहवाल काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. गुण घसरतात ते एकाच आठवड्यात पाच ॲपवर अर्ज केल्याने, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते आणि पुढचा सावकार ती वाचतो. अहवालात चूक असेल, फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल, तर तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. 'पैसे द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्यांना मात्र लांब ठेवा. खरी असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता.

आधी बिलाकडे बघा

गोव्याचा माणूस या बाबतीत नशीबवान आहे, आणि हे नशीब वापरायला तो पुष्कळदा विसरतो. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे, तिथेच १९८० साली स्थापन झालेलं गोवा दंत महाविद्यालयही आहे. रूट कॅनल, दाढ काढणं, कवळी, वाकडे दात सरळ करणं ही सगळी कामं तिथे होतात. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी डॉक्टर काम करतात आणि खर्च खाजगीच्या मानाने फार कमी येतो. मात्र वेळ जातो. सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, पुढची तारीख मिळते, फेऱ्या होतात. पेडण्याहून किंवा काणकोणहून रोजंदारी सोडून येणाऱ्याने प्रत्येक फेरीचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरली पाहिजे. तरीही कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा कवळीसारखं मोठं काम असेल तर बहुतेक वेळा बांबोळीचंच पारडं जड राहतं.

खाजगीतच करायचं ठरलं तर डॉक्टरांकडून प्रत्येक कामाची वेगळी किंमत लिहून घ्या आणि विचारा: आज काय केलंच पाहिजे आणि काय थांबू शकतं? पू, सूज, रात्रीची ठणक हे थांबू शकत नाही. ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पैशाचा विचार बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठायची. रूट कॅनलनंतरच्या कॅपला थोडा अवधी मिळू शकतो, पण फार नाही, कारण आतून पोखरलेला दात ठिसूळ होतो आणि घास चावताना फुटू शकतो. इम्प्लांटला मात्र बहुधा घाई नसते. त्याऐवजी ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात स्वस्तात बसतो. मागच्या दाढेला झिर्कोनियाची महाग कॅप लागतेच असं नाही, धातूची कॅप चावायला उत्तम काम देते. हे प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर त्यांची नीट उत्तरं देतो.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. डॉक्टरांना सरळ सांगा, "एकदम जमणार नाही, प्रत्येक बैठकीला थोडे थोडे देतो." दाताचं काम तसंही अनेक बैठकांत होतं. गावातला कुटुंबाचा ओळखीचा डॉक्टर हे बऱ्याचदा मान्य करतो. यात फायनान्स कंपनी नाही, व्याज नाही, सिबिलची चौकशीही नाही.

मोठ्या ऑपरेशनचा प्रश्न असेल तर आधी कार्ड शोधा. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पुष्कळ घरांत हे कार्ड कपाटात पडून असतं आणि नूतनीकरण राहून गेलेलं असतं. आजच काढून तारीख बघा. ठरवून करायच्या ऑपरेशनला दाखल होण्याआधीच इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं माणूस असेल तर उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ते सुरू झालं, आणि आजही बऱ्याच आजी-आजोबांनी ते काढलेलं नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडून बांबोळीला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून गोमेकॉत शुल्क लागू झालं आहे, म्हणून आपल्या राज्याच्या योजनेची कागदपत्रं बरोबर आणावीत.

वेर्णा, कुंडई, पिसुर्ले अशा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं: पगाराची स्लिप बघा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि स्लिपवर ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलेला दिसत असेल, तर तुम्ही आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचाराला पात्र आहात. मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे. कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. दर महिन्याला पैसे कापले जातात आणि दाढ दुखली की ती मुलं मोबाइलवरून कर्ज काढतात.

खाजगी आरोग्य विम्यावर दातांसाठी फार भिस्त ठेवू नका. अपघातात दात गेले नसतील तर बहुतेक पॉलिसी दाताचा साधा खर्च देत नाहीत. आणि बिलावरून वाद झाला म्हणून इस्पितळ रुग्णाला अडवून ठेवू शकत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तसं स्पष्ट म्हटलं आहे. तपशीलवार बिल मागणं हाही तुमचा हक्क आहे.

ज्या पैशाला सिबिल लागत नाही

सोसायटीत किंवा बँकेत पिग्मी (रोजची छोटी बचत) चालू असेल, एखादी मुदत ठेव असेल, तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढता येतं. ठेवीच्या व्याजापेक्षा दर थोडाच जास्त असतो आणि ठेवच तारण असल्यामुळे सिबिलचा अडथळा सहसा येत नाही. काही वर्षं भरलेल्या आयुर्विम्याच्या पारंपरिक पॉलिसीवरही असंच कर्ज मिळतं. नोकरदाराला गंभीर आजारपणासाठी पीएफमधून रक्कम काढता येते आणि ती परत फेडायची नसते. फक्त यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) आधार, बँक खातं आणि नाव नीट जुळलेलं हवं. इस्पितळातून ते दुरुस्त करत बसायची वेळ येऊ देऊ नका.

राहिलं सोनं. घरातली बाई बांगड्या काढून देते तेव्हा त्यात फक्त वजन नसतं, हे मला कळतं. तरीही हिशेब सांगतो की खराब सिबिलवर ३० टक्क्यांनी मिळणाऱ्या ॲपच्या कर्जापेक्षा बँकेचं सोनेतारण कर्ज कितीतरी स्वस्त पडतं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पूर्ण परतफेड झाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत द्यायचा आणि सावकाराच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असंही त्यात आहे. गहाण ठेवताना दागिन्यांचं वजन, शुद्धता लिहिलेली पावती घ्या. आणि मुदतीच्या शेवटी सगळी रक्कम एकदम भरायची योजना घेऊ नका, महिन्याला व्याजाबरोबर थोडी मुद्दलही भरा. दागिने लिलावात जाण्याची वेळ बहुधा एकदम भरायच्या योजनेतच येते.

'बिनव्याजी' हप्त्याचा हिशेब

आता काउंटरवरच्या ईएमआयकडे वळू. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे व्याज कुणीच घेत नाही असं नसतं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी आत घातलेलं असतं.

समजा, उपचाराचे ६०,००० रुपये सांगितले आणि १२ महिने ५,००० चा बिनव्याजी हप्ता दिला. तुम्ही विचारलंत, "रोख दिले तर किती?" आणि उत्तर आलं ५४,०००. म्हणजे खरी किंमत ५४,००० आणि वर्षाला सुमारे २० टक्के व्याज. हा एक प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे, आणि ईएमआयचा विषय काढण्याआधी विचारला पाहिजे.

सिबिल खराब असेल तर बिनव्याजी योजना बहुधा मिळतच नाही. मग येतो 'फक्त १५ टक्के फ्लॅट'. ६०,००० वर १५ टक्के म्हणजे ९,००० व्याज, एकूण ६९,०००, महिन्याला ५,७५० रुपये. ऐकायला सोपं. पण फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यातही तुम्ही पूर्ण ६०,००० वर व्याज भरता, जरी मुद्दल बहुतेक फिटलेली असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,४१६ रुपये आधीच कापले, की खरा दर ३१ टक्क्यांवर पोचतो. सांगितलेल्या दराच्या दुप्पट.

हा खरा दर शोधायला गणित यायला हवं असं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक (इंग्रजीत केएफएस) देणं सक्तीचं आहे. काउंटरवर 'केएफएस दाखवा' म्हणा. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो आणि सगळे आकार त्यात धरलेले असतात. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील, हा आकडा आधी वाचा. त्यात न लिहिलेला कुठलाही आकार तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ओटीपी म्हणजे सहीच. पत्रक हातात येईपर्यंत तो सांगू नका. घरी जाऊन वाचतो म्हणा. दात तेवढा वेळ थांबतो.

आणखी एक खाच. कर्ज तुमचं आणि फायनान्स कंपनीचं असतं, डॉक्टरांचं नसतं. पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम दवाखान्याला जाते आणि उपचार पुढे सहा महिने चालतो. मध्येच डॉक्टर बदललात, दवाखाना हलला, काम पटलं नाही, तरी हप्ता कापला जातच राहतो. म्हणून न झालेल्या कामाचे पैसे परत कसे मिळतील हे दवाखान्याकडून लेखी घ्या. शक्य असेल तर आज होणाऱ्या कामापुरतंच कर्ज घ्या, पूर्ण आराखड्याचं नको.

मोबाइलवरून कर्ज घ्यायची वेळ आलीच तर ॲप कुठल्या नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्त कंपनीचं आहे ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. तुमचे कॉन्टॅक्ट किंवा फोटो मागणारं ॲप नियम मोडतंय, ते लगेच काढून टाका. डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी जाते. 'सिबिल नसलं तरी चालेल, आधी फाइल चार्ज पाठवा' असा मेसेज आला तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर तारखेच्या आधी कंपनीला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं आणि मग बोलणी अवघड होतात. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ करू शकत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून अब्रू काढू शकत नाहीत. तसं झालं तर फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८ आहे.